मिठागर: पृथक्करणाची जुनी प्रयोगशाळा

मिश्रणाच्या पृथक्करणाचा पाठ आपण नरसाळे आणि गाळणकागदापासून सुरू करतो. कोकणातली मिठागरे त्याहून कितीतरी जुनी आहेत.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात. आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात. पाणी साधारण दहाव्या हिश्श्यावर आले, की मीठ धरू लागते. खरे कसब इथेच आहे. सगळे पाणी आटवले तर मॅग्नेशियमचे क्षारही मिठात उतरतात, आणि ते कडवट होते, दमट हवेत पाझरते. म्हणून उरलेले पाणी वेळीच सोडून देतात. हे अंशात्मक स्फटिकीकरण आहे. पाठ्यपुस्तके मात्र ‘बाष्पीभवन’ एवढे लिहून मोकळी होतात.

ज्याच्याजवळ किनारा आणि ऊन, त्याला मीठ करता येते. इतकी सोपी कृती सरकारला परवडणारी नव्हती. १८८२ च्या कायद्याने ती परवाना आणि करात बांधली. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला तो कायदा मोडला. १२ मे रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्याला सत्याग्रह सुरू झाला, आणि तिथल्या मिठागरातले मूठभर मीठ उचलणाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या.