मोंतेन्यची गढी : दार उघडे ठेवून राखलेले घर

१/
किल्ला राजाचा आणि शेतघर कुणब्याचे. पण मध्ययुगीन फ्रान्सच्या ग्रामीण भागात या दोहोंच्या मधला एक वास्तुप्रकार होता. त्याला ‘मेझों फोर्त’, म्हणजे तटबंदीचे घर, म्हणत. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘गढी’.

२/
१३व्या-१४व्या शतकांत लहान सरदारांनी अशी अनेक घरे उभारली. खंदक, जाड दगडी भिंती, एकच मुख्य दरवाजा, कोपऱ्याला बुरूज, आत अंगण, कोठारे आणि तबेले. मोठ्या फौजेच्या वेढ्यापुढे ही घरे टिकत नसत. त्यांचा रोख लुटारू टोळ्यांवर आणि भांडखोर शेजाऱ्यांवर असे.

३/
नैर्ऋत्य फ्रान्सच्या पेरिगोर प्रांतातील मोंतेन्य हे अशाच परंपरेतले घर. १४७७ मध्ये बोर्दोचे व्यापारी रामों एकेम यांनी ही जहागीर विकत घेतली. नातू पिएर यांनी घर वाढवले. १५३३ मध्ये पिएर यांचा मुलगा मिशेल इथेच जन्मला.

४/
प्रवेशद्वाराजवळ एक गोल बुरूज आहे. तळाला प्रार्थनागृह, वर शयनगृह, त्याच्या वर ग्रंथालय. १५७१ मध्ये न्यायालयीन कारकीर्द सोडून मिशेल द मोंतेन्य या बुरुजात येऊन बसला. सोबत सुमारे १००० ग्रंथ होते. छताच्या तुळयांवर त्याने ग्रीक-लॅटिन वचने लिहवून घेतली. खिडक्यांतून बाग, अंगण आणि दरवाजा दिसे. युरोपीय साहित्यातील निबंध हा प्रकार या बुरुजात आकाराला आला.

५/
बाहेर मात्र आग लागली होती. १५६२ ते १५९८ या काळात कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यात आठ युद्धे झाली. मोंतेन्य कॅथलिक, तर त्याचा सख्खा भाऊ प्रोटेस्टंट. आसपासचे जमीनदार पहारे वाढवत असताना त्याने दारावर केवळ एक द्वारपाल ठेवला.

६/
त्यामागचा विचार त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. पहारा हल्ल्याला आमंत्रण देतो आणि हल्लेखोराला पराक्रमाची संधी देतो. यादवी युद्धात तर आपला नोकरच शत्रूपक्षाचा असू शकतो. अर्धवट तटबंदीपेक्षा तटबंदी नसलेली बरी.

७/
एकदा या विचाराची परीक्षा झाली. शत्रू पाठलाग करीत असल्याचा बहाणा करून एक शेजारी आत आला. मागोमाग त्याचे सशस्त्र स्वार येऊ लागले. डाव ओळखूनही मोंतेन्यने सर्वांचे स्वागत केले. अंगण स्वारांनी भरले, घर ताब्यात घेणे आता सहज शक्य होते. तेवढ्यात म्होरक्या घोड्यावर बसून निघून गेला. यजमानाच्या मोकळेपणाने आपले हात बांधले गेले, असे तो पुढे सांगत असे.

८/
अर्थात यात दैवाचाही वाटा होता, हे मोंतेन्य मान्य करतो. घराबाहेर त्याला लुटारूंनी पकडलेही होते. १५८६ च्या सुमारास प्लेगच्या साथीमुळे कुटुंबासह घर सोडून त्याला महिनोन्‌महिने भटकावे लागले. रोगापुढे उघडे दार आणि उंच तट दोन्ही सारखेच निरुपयोगी.

९/
१५८४ मध्ये प्रोटेस्टंटांचा नेता आंरी द नाव्हार येथे उतरला आणि यजमानाच्याच पलंगावर झोपला. पुढे तोच फ्रान्सचा राजा चौथा आंरी झाला.

१०/
१५९२ मध्ये मोंतेन्य याच घरात वारला. तीन दशकांच्या यादवीत वाचलेले मुख्य घर १८८५ मध्ये एका आगीत जळाले आणि नव्याने बांधावे लागले. बुरूज मात्र वाचला. तुळयांवरची ती वचने आजही वाचता येतात.