खुब्याचा सांधा : उपचारांचा इतिहास आणि अहिंसेचा विवेक

जैन आचारात शरीर हे साध्य नसून साधन मानले आहे. परंतु साधनच मोडले तर साधना कशी व्हावी? आपल्या साधू-साध्वींचा विहार पायी होतो. कायोत्सर्ग उभ्याने होतो. वंदना करताना गुडघे, हात व मस्तक भूमीला टेकतात आणि 48 मिनिटांचे सामायिक बहुधा मांडी घालून होते. या साऱ्या क्रियांचा भार ज्या सांध्यावर येतो तो खुब्याचा सांधा होय. या सांध्याच्या उपचारांचा इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांसमोर थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल माथा फिरतो, अशी या सांध्याची रचना आहे. वार्धक्यात दोहोंमधील गुळगुळीत कूर्चा झिजते. स्टेरॉइडचा दीर्घकाळ वापर, मद्यपान किंवा मार यांमुळे माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड मृत होते. काही बालकांचा सांधा जन्मतःच वाटीतून सरकलेला असतो. वृद्धांमध्ये साध्या पडण्यानेही हाडाची मान मोडते. खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत, तर कधी केवळ गुडघ्यात जाणवते. त्यामुळे निदानास विलंब होतो, हेही लक्षात ठेवावे.

भारतात अस्थिभंगाची चिकित्सा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला वड, पिंपळ, उंबर यांच्या साली व बांबूच्या कामट्या बांधण्यास सांगितले आहे. मांडीचे हाड मोडल्यास रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने स्थिर ठेवण्याची ‘कपाटशयन’ पद्धतीही तेथे वर्णिलेली आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी जैन आचार्य उग्रादित्य यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस व मधु वर्ज्य करूनही चिकित्सा होऊ शकते, हे त्यांचे प्रतिपादन होते. हा ग्रंथ 1940 मध्ये आपल्या सोलापूरहून प्रकाशित झाला. औषधासाठी हिंसा अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी अकराशे वर्षांपूर्वीच विचारला होता.

युरोपात 1890 च्या सुमारास बर्लिनचे शल्यविशारद ग्लुक यांनी हस्तिदंताचे कृत्रिम सांधे बसवून पाहिले. जंतुसंसर्गामुळे ते टिकले नाहीत. 1923 मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी माथ्यावर काचेची टोपी बसविली. ती फुटली, म्हणून पुढे ती धातूची केली. मोडलेल्या मानेत ठोकावयाची त्यांची तीन पाकळ्यांची खिळ 1931 मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी असा वृद्ध महिनोन्‌महिने अंथरुणास खिळे आणि शय्याव्रण किंवा न्यूमोनियाने जाई. बालकांच्या बाबतीत इटलीच्या ऑर्टोलानी यांनी 1937 मध्ये नवजात अर्भकाचा सरकलेला सांधा हाताने ओळखण्याची तपासणी वर्णिली. पहिल्या काही महिन्यांत तो ओळखला गेल्यास बहुतेक वेळा पट्ट्यानेच बरा होतो, शस्त्रक्रिया लागत नाही.

खरी क्रांती इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी केली. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. शेकडो रुग्णांत ती बसविल्यानंतर काही वर्षांतच झिजली आणि सांधे पुन्हा उघडावे लागले. अपयश न लपविता चार्नली यांनी टेफ्लॉन व पॉलिथिलीन यांचे कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले आणि कोणता पदार्थ शरीर सहन करते ते पाहिले. नोव्हेंबर 1962 मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी, पोलादाचा लहान माथा आणि ॲक्रिलिक सिमेंट यांचा सांधा बसविला. आजची शस्त्रक्रिया याच पायावर उभी आहे. तथापि प्रत्येक नवी वस्तू उत्तमच असते असे नाही. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांचा एक प्रकार 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला.

आता आपल्या विवेकाचा प्रश्न. धातू, पॉलिथिलीन व सिरॅमिक यांत प्राणिज अंश नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देण्यात येणारे हेपारिनचे इंजेक्शन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनविलेले इंजेक्शन, तसेच काही गोळ्या हे त्याला पर्याय आहेत. ते प्रत्येकास चालतातच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. रात्रीच्या औषधाविषयी संकोच वाटत असेल तर प्रत्याख्यानातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, याविषयी गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे.

याहून गंभीर बाब विलंबाची. घरातील आजी पडल्या की ‘आता वयच झाले, कशाला त्रास द्यायचा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु मोडलेल्या खुब्यात कूस बदलणेही असह्य असते. प्रकृती अनुकूल असल्यास एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असे आजचे वैद्यक सांगते. तीत आयुष्य वाढविण्याइतकाच वेदनाशमनाचा हेतू असतो. सल्लेखना हे जागृत चित्ताने, स्वेच्छेने व गुरूंच्या आज्ञेने घ्यावयाचे व्रत आहे. कुटुंबाच्या अनिश्चयामुळे वेदनेत खितपत पडणे म्हणजे सल्लेखना नव्हे. मात्र झिजेच्या दुखण्यात अशी घाई नसते. वजन कमी करणे, व्यायाम, काठी व औषधे यांनी पुष्कळ काळ निभावते. चालणे व झोप अशक्य झाल्यावर सांधा बदलण्याचा विचार करावा. त्यानंतर खाली बसणे, मांडी घालणे सर्जनच्या अनुमतीनेच करावे. खुर्चीवर केलेले सामायिक हे सामायिकच आहे. समभाव आसनावर अवलंबून नसतो.

चार दानांत औषधदान आणि आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य यांना स्थान देणारा आपला धर्म आहे. मंदिराच्या पायऱ्यांना कठडा बसविणे, प्रक्षाळानंतरची ओली संगमरवरी फरशी तत्काळ पुसणे, उपाश्रयात चार खुर्च्या ठेवणे, गरजूंना वॉकर उपलब्ध करून देणे ही कामे लहान दिसतात. परंतु एखाद्या वृद्ध श्रावकाचा खुबा त्यांनीच वाचतो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एवढा संकल्प आपण सर्वांनी करावा, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र!