नाईक यशवंत घाडगे : एका शिपायाचे स्मरण

सोलापूरकर श्रोत्यांपुढे इंग्रजांच्या फौजेतील एका शिपायाविषयी बोलावयाचे म्हणजे आम्हांस थोडा संकोच वाटतो. ज्या शहराने १९३० साली लष्करी कायदा सोसला, ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर चढले, त्या शहराने त्याच सरकारचा गणवेश घालून मेलेल्या माणसाची आठवण का करावी, असे कोणी विचारील, तर त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी त्या माणसाची हकीकत सांगतो.

यशवंत घाडगे याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा व आताचा रायगड जिल्हा. आपले चार हुतात्मे गेले तेव्हा हा कोकणातला मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई झाला व नाईकाच्या हुद्द्यापर्यंत चढला. नाईक म्हणजे मोठा अधिकारी नव्हे. हाताखाली मूठभर शिपायांची तुकडी, एवढाच त्याचा अधिकार. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत २५ लाखांवर माणसे होती, त्यांतला हा एक.

जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन फौज इटलीत उत्तरेकडे हटू लागली आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगर धरून बसली. १० जुलै रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने तेथील एका ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि यशवंतच्या तुकडीतील एकूण एक शिपाई ठार वा जखमी झाला. उरला तो एकटा. त्याने धावत जाऊन हातबाँब टाकला. तोफ आणि तोफ चालविणारा दोन्ही निकामी झाले. आणखी एकास त्याने गोळी घातली. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्याने उरलेल्या दोघांना झोडपून मारले. इतक्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले, आणि ज्या जागेसाठी झुंजला त्याच जागेवर तो पडला. वय अवघे २२.

व्हिक्टोरिया क्रॉस हा त्या साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याला मिळाला. पण तो घेण्यास तो नव्हता. त्याचा देहही ओळखीच्या थडग्यात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या नावांत त्याचे नाव आहे.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतो. खाली झुंज कोरलेली, वर शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य : ते आहेत तोवर या माणसाची आठवण राहो. यशवंतचा पुतळा माणगावी आहेच. परंतु इटलीतील मोंतोने या गावाच्या लोकांनीही २०२३ साली त्याचे स्मारक उभारले, आणि तेही सूर्यघटिकेच्या रूपाने! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. वीरगळाची कल्पनाही ज्यांना नसेल, त्यांच्या हातून सूर्य माथ्यावर असलेला दगड उभा राहिला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपले हुतात्मे स्वातंत्र्यासाठी मेले. त्यांची जागा वेगळी आहे आणि वेगळीच राहावी. यशवंत ज्या साम्राज्यासाठी लढला त्याचा गौरव आम्हांस कर्तव्य नाही. परंतु तो ज्यांच्याशी लढला ती हिटलरशाही होती, हेही खरे. आणि मेला तो आपल्याच भाषेत आईला हाक मारणारा एक तरुण होता.

पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांच्या चावडीवर पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढेच त्यांवर लिहिलेले, नावे नाहीत. सरकारने आकडा कोरला आणि हिशेब मिटवला. यशवंतचे नाव पदकामुळे तरी उरले. पाटीवरच्या आकड्यात कोण कोण होते, हे घराघरांत विचारून लिहून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे. सांगणारे आहेत तोवर विचारावे, एवढीच विनंती.