मिटत्या चाकूचे चामडी म्यान

घडीचा चाकू कमरपट्ट्याला अडकवून वागवण्यासाठी शिवलेले चामड्याचे घर. पाते मुठीतच मिटत असल्याने म्यानावर धार सांभाळण्याची जबाबदारी नसते. चाकू घट्ट धरावा, पण एका हाताने सुटावा, यातच कारागिराची कसोटी.

पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड या तालुक्यांत चामड्याचे काम पूर्वी बलुतेदारीत होई : मोट, आसूड, वहाणा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. पंप आले, मोट गेली. रापी आणि आरी ही हत्यारे मात्र आजही म्यानासाठी पुरेशी आहेत.

बाभळीच्या सालीने वा हिरड्याने कमावलेले, सुमारे ३ मिमी जाडीचे कातडे घ्यावे. क्रोमने कमावलेले मऊ पडते, आकार धरत नाही. शिवलेले म्यान कोमट पाण्यात भिजवून त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चाकू बसवतात आणि गुळगुळीत लाकडाने कडा दाबत सावलीत वाळवतात. प्लास्टिक नसेल, तर कातड्यातील टॅनिन व लोखंड मिळून काळा डाग पडतो. तो सहसा निघत नाही.

खरे कौशल्य शिलाईत. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. एखादा टाका तुटला तरी ओळ उसवत नाही. यंत्राच्या शिलाईला ही मजबुती नाही.

चामडे ओल धरते, म्हणून पावसाळ्यात चाकू म्यानाबाहेर, तेलाचा हात देऊन ठेवावा.