कांद्याचं फूल



कांद्याला डेंगळा आला की आपण तो मोडून टाकतो. डेंगळ्याचा कांदा पोसत नाही, टिकत नाही, बाजारात चालत नाही. युरोपात मात्र काही कांदे केवळ फुलासाठी लावतात. मध्य आशियातल्या डोंगरांमधल्या या जाती. एकदा लावल्या की वर्षानुवर्षं जमिनीत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी उंच दांड्यावर जांभळे गोंडे धरतात. त्यांना कडक थंडी लागते, आपल्या चाकूरला त्या जमायच्या नाहीत. पण आपल्या कांद्यालाही फूल आहे, आणि त्याला इतिहास आहे.

७व्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगानं लिहून ठेवलंय, की इथे कांदा-लसूण थोडेच लोक खातात आणि खाणाऱ्याला गावाबाहेर घालवतात. १३व्या शतकात सोलापूरकडच्या अरण गावी सावता माळ्यांनी त्याच कांद्याच्या वाफ्यात विठ्ठल पाहिला.

पण त्या वाफ्यात दरसाल कांदा आला कुठून? फुलातून. कांद्याचं उळं वर्षभरातच जोर गमावतं. ज्वारीसारखं कणगीत ठेवून भागत नाही. म्हणजे इतकी शतकं दरवर्षी कुणीतरी चांगले कांदे खायचे राखून पुन्हा जमिनीत लावले, फुलू दिले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पुढे १९६०च्या सुमारास निफाडला 'एन-५३' हे खरीप वाण निवडलं गेलं, तेही अशाच राखलेल्या कांद्यांतून.

बाजाराचं उळं मिळू लागलं आणि आपण राखणं सोडलं. परवाच्या खरिपात आमच्या गटानं विकत आणलेलं उळं निम्मंही उगवलं नाही. पैसे गेले, हंगाम गेला. तेव्हा आम्ही ठरवलं, एक वाफा फुलांसाठी.

कार्तिकात एकसारखे, घट्ट, जोड नसलेले कांदे लावले. कांदा तेव्हा महाग. "खायचा कांदा मातीत घालता का?" म्हणून घरोघरी कुरबुर झाली. माघात दांडे वर आले, फाल्गुनात पांढरे गोंडे फुलले. एकेका गोंड्यात शेकडो फुलं. मधमाशीशिवाय बी नीट भरत नाही, म्हणून फुलोऱ्यात फवारणी केली नाही. चैत्रात बोंडं फुटून काळं बी दिसू लागलं, तेव्हा गोंडे कापून सावलीत वाळवले. बी निघालं ते पावशेरच, पण पेल्यात टाकून पाहिलं तर उगवलं.

एक ध्यानात ठेवा. बियाच्या पिकाला पहिल्याच वर्षी डेंगळा आला तर तो मोडायचाच, त्याचं बी धरलं तर पुढच्या पिकात तीच खोड येते. पण येत्या कार्तिकात चाळीतले दहा-वीस चांगले कांदे बाजूला काढा. कुणी कुरबुर केली, तर सांगा, हेच आपलं पुढच्या सालचं उळं.