प्राउटसाहेबांची डोकेदुखी

भिंतीचा पोपडा निघाला की आपण गवंड्याला निरोप धाडतो. सॅम्युएल प्राउट रंगपेटी उघडायचा. हा गृहस्थ इंग्लंडातल्या प्लिमथचा, जन्म १७८३ चा. लहानपणी हेझलनट वेचायला गेला तो ऊन लागून रानातच पडला, आणि जन्मभराची डोकेदुखी घेऊन बसला. बसला कसला, हिंडला! १८१५ साली नेपोलियनचा बंदोबस्त झाला, इंग्रजांना युरोपची वाट मोकळी झाली, आणि १८१९ साली आमचे डोकेदुखीवाले साहेब नॉर्मंडीत हजर.

रूआँसारख्या गावात जुनी चर्चं, त्यांना खेटून लाकडी घरांच्या निवांत गल्ल्या. प्राउटला सरळ रेघ मानवतच नसे. बोरूची तुटक, अडखळती रेघ, वर जलरंगाचा पातळ हात. दगड झिजलेला दिसलाच पाहिजे! पायथ्याशी बोटभर उंचीच्या बाजारकरणी. त्यांच्याकडे पाहिलं की चर्चची उंची फूटपट्टीवाचून कळते. मला विचाराल तर त्या बायकाच खऱ्या हुशारीच्या.

१८३३ मध्ये त्याच्या फ्लँडर्स-जर्मनीच्या चित्रांचा संग्रह निघाला. तो पाहून जॉन रस्किन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या आईनं टूम काढली, ही ठिकाणं पाहूनच येऊ. निघालं सगळं बिऱ्हाड! पुढं हाच मुलगा नामांकित कलासमीक्षक झाला आणि प्राउटची बाजू हिरिरीनं मांडू लागला.

१९४० च्या आगीत रूआँच्या कॅथीड्रलपासून सीन नदीपर्यंतची जुनी वस्ती जळाली. कॅथीड्रलची डागडुजी झाली, उत्तम झाली. जुन्या गल्ल्या मात्र कागदावरच उरल्या. असले कागद संग्रहालयवाले अंधारात जपतात. ऊन त्यांनाही सोसत नाही.