खाणीतील ज्वलनोत्तर वायू
कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यानंतर मागे राहणारे विषारी वायुमिश्रण. इंग्लंडमधील खाणकामगार खाणीतील स्फोटक वायूस ‘फायरडॅम्प’, तर स्फोटानंतरच्या मिश्रणास ‘आफ्टरडॅम्प’ म्हणत. फायरडॅम्प म्हणजे मुख्यतः मिथेन हा सर्वांत साधा हायड्रोकार्बन होय. त्याचा एक रेणू ऑक्सिजनाच्या दोन रेणूंबरोबर जळून कार्बन डाय-ऑक्साइडाचा एक व पाण्याचे दोन रेणू बनतात. हवेत मिथेन सु. ९.५ टक्के असता हे ज्वलन पूर्ण होऊ शकते. प्रमाण त्याहून वाढल्यास ऑक्सिजन अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व अतिविषारी वायूही निर्माण होतो. स्फोटात कोळशाची धूळ पेटल्यास त्याचे प्रमाण फार वाढते.

इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ माणसे व मुले मृत्यू पावली. आत शिरलेल्या मदतकर्त्यांना ज्वलनोत्तर वायूमुळे माघार घ्यावी लागली. या दुर्घटनेनंतर स्फोट टाळण्याच्या प्रयत्नांना जोर आला व हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी १८१५ मध्ये सुरक्षा दीप तयार केला. त्यातील तारेची जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्वाला बाहेरील वायूपर्यंत पोहोचत नाही. तथापि दिव्याच्या भरवशावर अधिक खोल व वायुयुक्त थरांत काम सुरू झाले आणि स्फोट थांबले नाहीत.

स्फोटातील मृत्यू मुख्यतः भाजल्याने व आघाताने होतात, असा समज दीर्घकाळ होता. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांनी वेल्समधील टायलर्सटाउन व इतर खाणींतील स्फोटांची पाहणी करून १८९६ मध्ये अहवाल सादर केला. बहुसंख्य कामगार कार्बन मोनॉक्साइडाच्या विषबाधेने मरण पावले होते, असे त्यांनी दाखविले. हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. मृतदेहांवरील गुलाबी छटा त्याचीच खूण होती. म्हणजे ज्वालेतून वाचलेला कामगार बाहेरची वाट चालताना दगावत असे.

या निष्कर्षाने बचावकार्याची दिशा बदलली. छोट्या प्राण्यांवर विषाचा परिणाम माणसाच्या आधी दिसतो, म्हणून हॉल्डेन यांनी त्यांचा वापर सुचविला. पुढे कॅनरी पक्षी वापरात आले व ब्रिटिश खाणींत ते १९८६ पर्यंत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘हॉपकॅलाइट’ हे मँगॅनीज व तांबे यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण तयार झाले. श्वासाबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडाचे ते कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर करते. खाणीत अपुरे राहिलेले ज्वलन येथे कामगाराच्या तोंडाशी धरलेल्या गाळणीत पूर्ण होते. मात्र त्यासाठी हवेत पुरेसा ऑक्सिजन शिल्लक असावा लागतो. स्फोटानंतर तो उरलाच नाही, तर स्वतंत्र ऑक्सिजन पुरविणारे उपकरणच उपयोगी पडते.